आणि एक

डोंगरांच्या मधोमध वसलेल्या एका बाजारगावात एकदा एक वृद्ध सूत्रधार राहत होता. सूत्रधार म्हणजे नाटकातला नव्हे. हल्ली शहरांतली मुले टेबलाभोवती बसून साहसाचा एक खेळ खेळतात. त्यात कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक होतो आणि एक जण सगळ्यांना कथा सांगत पुढे नेतो. त्याच जातीचा खेळ या गावात फार पूर्वीपासून चालत आला होता. टेबलाऐवजी तिथे एक मोठा चौरंग असे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची झोप झाली की, खेळणारे त्या चौरंगाभोवती मांडी घालून बसत. प्रत्येकाने आपल्या सोंगाची मातीची मूर्ती स्वतःच्या हाताने घडवलेली असे. सूत्रधार कथा सांगे, खेळणारे आपापले सोंग काय करील ते सांगत, आणि ते साधेल की नाही अशी शंका आली की फासा टाकला जाई.

हा फासा म्हशीच्या काळ्याभोर शिंगाचा होता. त्याला वीस पैलू होते आणि प्रत्येक पैलूवर एक ते वीसपैकी एकेक अंक कोरलेला होता. काम जितके अवघड, तितका मोठा अंक पडावा लागे. पडला तर साधले, नाही तर फसले.

या खेळाचे दोन नियम फार कडक होते. पहिला असा की, फासा चौरंगावर आहे तोवरच बोलायचे. कुणाला काही सांगायचे असेल, कुठली शक्ती जोडायची असेल, तर तेवढ्यात जोडायची. फासा उचलला की जे झाले ते झाले. राहिलेली गोष्ट कितीही खरी असली तरी ती मागे जाऊन जोडता येत नसे आणि सूत्रधाराने कुणाला आठवण करून देणे तर अगदीच निषिद्ध होते.

दुसरा नियम असा की, ज्याचे सोंग मेले त्याने आपली मूर्ती त्याच संध्याकाळी नदीत सोडायची.

सूत्रधाराजवळ एक शिष्य होता. पंचविशीचा, अंगाने उंच, स्वभावाने इतका लाजाळू की कुणाच्या घरी गेला तर दाराची कडी वाजवण्याआधी घसा चार वेळा साफ करी. त्याला सूत्रधाराची विद्या शिकायची होती. पण सूत्रधाराने त्याला अजून कथा सांगू दिली नव्हती. खेळात बसवले होते, तेही शाहिराच्या सोंगात.

शिष्याला शाहीर नको होता. त्याला तलवार हवी होती. शाहिराजवळ होता एक डफ, कमरेला एक लहानशी कट्यार, आणि एक गाणे. लढाईच्या सुरुवातीला शाहिराने गाणे सुरू केले की त्याच्या साथीदारांच्या प्रत्येक फाशात एक अंक वाढे. घाव असो, बचाव असो, की मरणाशी झगडणे असो, कशालाही एक. मात्र तो एक शाहिराने स्वतः बोलून द्यायचा. कुणी फासा टाकला की म्हणायचे, “आणि एक.”

“गुरुजी,” शिष्याने एकदा धीर करून विचारले होते, “वीस पैलूंच्या फाशात एक अंक म्हणजे काय?”

“एक म्हणजे एक,” सूत्रधार म्हणाला होता आणि पानाचा डबा उघडून बसला होता.

चौरंगाभोवती आणखी दोघे बसत. एक होता कापडाचा व्यापारी. त्याचा योद्धा दुर्जय मोठा दिमाखदार होता. एका पडक्या किल्ल्याच्या तळघरात त्याला पेटती तलवार मिळाली होती आणि तेव्हापासून व्यापारी दर खेपेला तिचे वर्णन केल्याशिवाय फासा टाकत नसे.

दुसरी होती एक विणकर बाई. तिचा योद्धा वीरभान. हा वीरभान मुळात तिचा नव्हताच. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. भावाने कोवळ्या वयात ती मूर्ती घडवली होती आणि पुढे कित्येक वर्षे तो वीरभान होऊन चौरंगापाशी बसला होता. मग एका थंडीत तापाने तो गेला. तेरावा झाला, आणि पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विणकर बाई त्याच्या जागेवर येऊन बसली. तिला तेव्हा खेळाचे नियमही ठाऊक नव्हते. तिने एवढेच विचारले होते, “मी टाकला फासा तर वीरभान चालेल ना?”

सूत्रधार म्हणाला होता, “चालेल.”

आता कथा अशा ठिकाणी आली होती की एका खोऱ्याचे पाणी शिळानाग नावाच्या एका प्रचंड नागाने अडवून धरले होते. त्याच्या अंगावर दगडी खवले होते. त्याला घाव लागायचा तर फाशाचा अंक वीसपर्यंत पोचायलाच हवा, असे सूत्रधाराने आधीच स्पष्ट सांगितले होते.

“वीस? एकोणीस झाले तर चालायचं नाही?” व्यापाऱ्याने विचारले.

“नाही.”

“आबा, जरा ढील द्या की. आम्ही काय तुमचे शत्रू?”

“मी कुठे शत्रू?” सूत्रधार म्हणाला. “नाग शत्रू आहे. त्याच्याशी बोला.”

शिष्याने डफावर थाप मारली, म्हणजे चौरंगाच्या कडेवर बोटे वाजवली, आणि हळू आवाजात सांगितले की शाहीर गाऊ लागला आहे. सुरुवातीला एक-दोन फाशांच्या वेळी तो “आणि एक” म्हणालासुद्धा. व्यापाऱ्याचे तीन पडले होते.

“तीन आणि एक चार!” व्यापारी खो खो हसला. “वा शाहीर! आता नाग घाबरून पळणार बघा. अरे, मी कापड फाडताना एवढं तर गिऱ्हाइकाकडे जास्तच जातं.”

“शेटजी, तुमची तलवार पेटते मात्र झकास,” विणकर बाई म्हणाली. “कुणाला लागली म्हणजे आणखी शोभेल.”

सगळे हसले. शिष्यही हसला, पण त्याचे कान तापले. त्यानंतर त्याने “आणि एक” तोंडातल्या तोंडात म्हटले, आणि त्यानंतर म्हटलेच नाही. त्याचे लक्ष आता स्वतःच्या पाळीकडे लागले होते. शाहिराची कट्यार नागाच्या डोळ्यात जाईल का, आपल्याच हातून वीस पडेल का, सगळे कसे पाहत राहतील, याचीच चित्रे तो मनात रंगवू लागला.

विणकर बाईने फासा टाकला. तो चौरंगावर गडगडत गेला आणि थांबला.

एकोणीस.

“हात्तेच्या!” व्यापाऱ्याने मांडीवर थाप मारली. “एकानं गेलं!”

आणि इथे सूत्रधाराने एक विचित्र गोष्ट केली. एरवी खेळ रंगात असताना तो क्षणभरही थांबू देत नसे. फासा पडला रे पडला की “उचला” म्हणायचा त्याचा शिरस्ता होता. पण त्या दिवशी त्याने पानाचा डबा पुढे ओढला. एक पान काढले, ते न आवडल्यासारखे करून परत ठेवले, दुसरे काढले. ते धोतराच्या टोकाला पुसले. शिरा काढल्या. बोटाने चुना लावला, तो सगळीकडे सारखा लागला की नाही ते पाहिले. सुपारी कातरली. कात घातला. मग पानाची एक घडी, दुसरी घडी.

फासा चौरंगावर तसाच पडून होता. व्यापारी जांभई देत होता. आपली पाळी कधी येते म्हणून शिष्य अस्वस्थ झाला होता. म्हातारपणी माणसाला जागेचे आणि वेळेचे भान राहत नाही की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

अखेर सूत्रधाराने विडा तोंडात टाकला आणि म्हणाला, “उचला फासा.”

विणकर बाईने फासा उचलला. आणि त्याच क्षणी शिष्याला आठवले. एकोणीस. आणि एक.

“थांबा!” तो म्हणाला. “माझं गाणं... गाणं चालू होतं. वीस झाले होते.”

 फासा विणकर बाईच्या मुठीत होता. नियम सगळ्यांना पाठ होता.

“शिळानाग वळला,” सूत्रधार शांतपणे पुढे सांगू लागला, “आणि त्याची शेपटी वीरभानाच्या छातीवर बसली.” नागाच्या वतीने त्याने आपला फासा टाकला. अंक मोठा पडला. वीरभान कोसळला. त्याचा श्वास चालू होता, पण तेवढाच. “पुढच्या खेपेला त्याच्यासाठी प्राणाचा फासा पडेल. एकच. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तो उठेल. आजचा खेळ इथे थांबला.”

दहापेक्षा कमी आले तर काय, हे त्याने सांगितले नाही. त्याची गरज नव्हती.

विणकर बाईने मूर्ती आडवी करून ठेवली आणि उठली. शिष्य तिच्या मागोमाग अंगणापर्यंत गेला. त्याने घसा चार वेळा साफ केला.

“ताई, माझं लक्ष नव्हतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना. “मलाही कुठं आठवलं? असू दे. मातीचाच तर आहे तो. एवढं कळतं मला.” ती पायरीवर थांबली. “त्याच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा आहे बघ. मूर्ती ओली होती तेव्हा नीट धरता आली नव्हती माझ्या भावाला. तेवढा एक ठसा उरलाय. घरात दुसरं काही नाही त्याच्या हाताचं.”

ती गेली. शिष्य अंगणात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सूत्रधारापुढे येऊन बसला आणि म्हणाला, “गुरुजी, शाहिराचं सोंग दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“का?”

“मला मोठ्यानं बोलता येत नाही. आणि खरं सांगू? त्या एकावर माझा विश्वासच नव्हता. अजूनही नाही. काल नेमका लागला, ही माझी फुटकी वेळ. पण एरवी वीस पैलूंपुढे एक अंक म्हणजे काही नाहीच की. शेटजी म्हणतात ते खोटं आहे का?”

सूत्रधाराने काळा फासा त्याच्या हातात दिला, आणि पानाच्या डब्यातली चुन्याची डबी पुढे सरकवली.

“मागे खिंडीत दरोडेखोर भेटले होते. आठवतं?”

“हो.”

“वीरभानाला त्यांच्यावर घाव घालायला किती पडावे लागायचे?”

“पाच पडले तरी पुरायचे.”

“मग पाचपासून वीसपर्यंतच्या सगळ्या पैलूंना चुना लाव.”

शिष्य चुना लावत बसला. जवळजवळ सगळा फासा पांढरा झाला. मोजकेच पैलू काळे राहिले.

“आता शाहीर गातोय. म्हणजे चार पडले तरी चालेल. चारालाही लाव.”

त्याने लावला.

“फिरवून बघ. आधीच्यात आणि आत्ताच्यात फरक दिसतो?”

शिष्याने फासा फिरवला. “नाही. आधीही पांढराच होता.”

“बरोबर. आता धुऊन आण.”

तो रांजणापाशी गेला, फासा स्वच्छ धुतला, उपरण्याला पुसून घेऊन आला.

“आता शिळानाग. चुना लाव.”

शिष्याने वीस अंकाच्या पैलूला एक ठिपका लावला. काळ्याभोर शिंगावर तो एकटा ठिपका ताऱ्यासारखा दिसत होता.

“आता शाहीर गातोय.”

शिष्याने एकोणीसच्या पैलूवर दुसरा ठिपका लावला. मग त्याचा हात तसाच थांबला. 

“दुप्पट झाले,” तो म्हणाला.

“तुझा एक तोच आहे,” सूत्रधार म्हणाला. “तो लहानही झाला नाही, मोठाही झाला नाही. वेळ बदलली. जिथं सगळंच आपल्या बाजूचं असतं तिथं आणखी एकानं काही होत नाही. जिथं आपलं म्हणून एकच उरलेलं असतं, तिथं दुसरा एक मिळाला तर आपण दुप्पट होतो. माणूस सोप्या वेळी एकाची किंमत ठरवतो आणि तीच अवघड वेळीही धरून चालतो. शेटजी कापडाच्या गठ्ठ्यातली एक वीत मोजतच नाही. त्याचं तिथं चुकत नाही. पण अंगरखा वितीनं अपुरा पडला तर तो त्या गिऱ्हाइकाला काय सांगेल, विचार त्याला.”

शिष्याने फासा पुन्हा फिरवून पाहिला. तो लाजाळू होता, पण भोळा नव्हता. “पण गुरुजी, दुप्पट झाले तरी दोनच. अठरा पैलू काळेच आहेत.”

“आहेतच,” सूत्रधार प्रसन्नपणे म्हणाला. “मी कधी म्हटलं नाहीत म्हणून? तुझा एक बहुतेक वेळा वाया जाणार आहे. सात पडतील, तू आठ करशील, आणि काही उपयोग होणार नाही. लोक हसतील. त्यांचं हसणं रास्तच असेल. पण कोणता फासा एकानं अडणार आहे हे पडायच्या आधी कुणाला सांगता येतं का?”

“नाही.”

“म्हणून प्रत्येक वेळी म्हणायचं. उपयोगी पडेल तेव्हाच म्हणेन असं ठरवलंस, तर जेव्हा उपयोगी पडेल तेव्हा तुझं लक्ष भलतीकडेच असेल.”

शिष्याने मान खाली घातली. मग त्याला एकदम काहीतरी आठवले. त्याने वर पाहिले. “काल तुम्ही तो विडा... एवढा वेळ...”

“चांगला झाला नव्हता तो,” सूत्रधार म्हणाला. “चोळून चोळून पान पार मऊ पडलं होतं. आठवण करून द्यायला मला मनाई आहे. विडा लावायला मनाई नाही. जेवढं थांबता येईल तेवढं थांबलो. नियमाच्या आत राहून मलाही एकच देता येत होता, तो मी दिला. तू घेतला नाहीस.”

शिष्याचे डोळे भरून आले.

“रडू नकोस. चुन्याचे हात डोळ्यांना लागतील,” सूत्रधार म्हणाला. “आणि ऐक. पुढच्या खेपेला मी विडा लावणार नाही. फासा पडला की लगेच उचलायला सांगणार. शाहीर तूच राहशील.”

“मला मोठ्यानं बोलायची लाज वाटते, गुरुजी.”

“वाटू दे की. लाज वाटत असतानाही तोंड उघडतं. जेवताना नाही का उघडत?”

पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळे चौरंगाभोवती जमले. विणकर बाई नेहमीच्या जागी बसली. तिने येताना एक फडके आणले होते, नवे, हातमागावरचे, नीट घडी केलेले. ते तिने मांडीवर ठेवले. ते कशासाठी आहे हे कुणी विचारले नाही. मूर्ती नदीकडे न्यायची झाली तर उघडी नेत नाहीत.

वीरभानाची पाळी शेवटी होती. आधी दुर्जयाने पेटत्या तलवारीने वार केला. सात पडले.

“आणि एक,” शिष्य म्हणाला.

व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिले. “सात आणि एक आठ. हिशेब पक्का आहे हो पंतोजींचा!”

शिष्याचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. मग नागाने दुर्जयावर झेप घेतली आणि व्यापाऱ्याला बचावाचा फासा टाकावा लागला. तीन.

“आणि एक.”

“अरे, चारानं काय होणार? गेलाच माझा डाव! तू गप्प बस की जरा, कानात डास शिरल्यासारखं वाटतंय.”

“गाणं चालू आहे, शेटजी,” शिष्य म्हणाला. आवाज थोडा कापला, पण सगळ्यांना ऐकू आला. “चालू आहे तोवर म्हणणार.”

शाहिराची स्वतःची पाळी आली. या वेळी त्याने कट्यार काढली नाही. शाहीर वीरभानाच्या उशाशी जाऊन उभा राहतो आणि आवाज चढवतो, एवढेच तो म्हणाला. सूत्रधाराने मान हलवली आणि कथा पुढे नेली. नागाने फूत्कार टाकला, दगड निखळले, दुर्जय मागे रेटला गेला.

“वीरभान,” सूत्रधार म्हणाला. “प्राणाचा फासा.”

विणकर बाईने फासा घेतला. तिने तो मुठीत जरा वेळ धरला, जणू ऊब देत होती. मग सोडला.

फासा लांब गेला. चौरंगाच्या कडेपाशी जाऊन, आता पडतो की काय असे वाटत असताना, थांबला.

नऊ.

व्यापाऱ्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पार मावळले होते. विणकर बाईने फाशाकडे पाहिले, मग आडव्या मूर्तीकडे.  मांडीवरच्या फडक्याची घडी तिने उलगडली.

“उचला फासा,” सूत्रधार म्हणाला. लगेच. पानाच्या डब्याकडे त्याने पाहिलेही नाही.

तिचा हात पुढे गेला. बोटे फाशाला टेकली.

“आणि एक.”

तो आवाज इतका मोठा होता की खुद्द शिष्यही दचकला. बाहेर अंगणातली चिमणी उडाली. विणकर बाईचा हात जागीच थांबला.

“गाणं चालू आहे,” शिष्य म्हणाला. “शाहीर उशाशी उभा आहे. नऊ आणि एक.”

 मग व्यापाऱ्याच्या तोंडून कुजबुजल्यासारखे निघाले, “दहा.”

“दहा,” सूत्रधार म्हणाला. “वीरभानाला कुठून तरी लांबून डफ ऐकू येतो. तो डोळे उघडतो.”

विणकर बाईने फासा तसाच राहू दिला. आधी मूर्ती उचलली. ती उभी करताना तिचा अंगठा मूर्तीच्या पाठीवर त्या ठशाच्या जागी गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. मग तिने फडक्याची पुन्हा घडी घातली, नाक पुसले, आणि व्यापाऱ्याकडे वळून म्हणाली, “टोपी घाला शेटजी. अजून कुणी मेलं नाही.”

शिळानाग त्याच दिवशी मेला, तोही दुर्जयाच्या पेटत्या तलवारीने. फाशावर सरळ वीस पडले होते. त्या घावात शाहिराच्या एकाचा काडीचाही वाटा नव्हता, आणि व्यापारी पुढे वर्षभर बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकिकत सांगत होता. मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. तो वीसचा फासा पडल्यावरही व्यापाऱ्याने तो लगेच उचलला नव्हता. त्याने आधी शिष्याकडे पाहिले होते.

“काय रे शाहिरा, म्हणत नाहीस?”

“आणि एक,” शिष्य हसून म्हणाला.

“हां,” व्यापारी म्हणाला आणि मग त्याने फासा उचलला.

दिवेलागणीला सगळे आपापल्या घरी गेले. शिष्य चौरंग पुसत होता. सूत्रधाराने पानाचा डबा पुढे ओढला आणि सावकाश विडा लावला. या वेळी कुणाचीही वाट पाहायची नव्हती, तरीही सावकाशच. तो तोंडात टाकून त्याने दुसरे पान काढले, पुसले, त्याला चुना लावला, सुपारी घातली, घडी केली, आणि तो विडा शिष्यापुढे ठेवला.

शिष्याने यापूर्वी गुरूसमोर कधी पान खाल्ले नव्हते. त्याने तो विडा दोन्ही हातांनी उचलला. चुना अंमळ जास्त झाला होता आणि जीभ चांगलीच पोळली. गुरूच्या हातचा विडा म्हणजे सोपवलेले काम. पुढच्या खेपेला कथा आपण सांगायची आहे, हे त्याला कळले होते.

ज्याच्यापाशी देण्याजोगे थोडेच आहे, त्याने ते प्रत्येक वेळी द्यावे आणि समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे.